शिवसागराच्या काठी तंबू: बामणोलीच्या मुक्कामाची पारख

कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोली-शेंबडीच्या पट्ट्यात, तंबूमुक्कामाची बरीच ठिकाणं आता उभी राहिली आहेत. कुणाच्या शेतात आठ तंबू, कुणाच्या पन्नास. माल सगळ्यांचा जवळपास सारखाच: संध्याकाळी चहा-भजी, मग शेकोटी आणि बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, तंबूत गादी-पांघरूण, सकाळी पोहे. त्यामुळे एकेकाचं नाव घेऊन तारे वाटण्यापेक्षा हा मुक्काम कधी पैसे वसूल करतो आणि कधी नाही, हे पाहणं जास्त कामाचं. निकाल आधीच सांगायचा तर जागा अव्वल, जेवण चांगलं, तंबू सुमार. आणि या तिन्हींपेक्षा जास्त फरक पडतो तो तुम्ही कोणत्या महिन्यात जाता याने.

कारण हा तलाव नाही, धरणाचं पाणी आहे. कोयना धरणाची पूर्ण पातळी २१६३ फुटांच्या थोडी वर, साठा १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. पावसाळा संपता संपता जलाशय काठोकाठ असतो आणि तिथून पुढे पाणी रोज खाली जात राहतं. मुख्य वाटा वीज करायला पश्चिमेकडे, बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीकडे जातो. त्याची वर्षाची मर्यादा ६७.५ टीएमसी. उरलेलं पूर्वेला सिंचनाला. उन्हाळ्याच्या शेवटी पातळी ऐंशी-नव्वद फुटांनीही उतरलेली असते. आता हे उभं अंतर जमिनीवर मांडून बघा. काठाला दहा फुटांना एक फूट असा साधा उतार धरला, तर पातळी एक फूट उतरली की पाणी तंबूपासून दहा फूट लांब जातं. तीस फूट उतरली की तीनशे फूट. मधे उरतो तो उघडा पडलेला गाळ, बुडालेल्या शेतांचे बांध आणि झाडांचे खुंट.

जाहिरातीतला फोटो ऑक्टोबरचा असतो. तंबूच्या दारात पाणी, मागे हिरवा डोंगर. तोच तंबू मार्चमध्ये त्याच जागी असतो, पाणी मात्र खाली निघून गेलेलं असतं. ठिकाणवाल्याने फसवलं असं म्हणता येत नाही, पण त्याने स्वतःहून सांगितलेलंही नसतं. म्हणून बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न दराचा नको. ‘आज तंबूपासून पाणी किती पावलांवर आहे? आजचा फोटो पाठवता का?’ एवढंच विचारा. जो लगेच फोटो पाठवतो, त्याचं बाकीचं कामही बहुतेक नीट असतं.

काही जण उतरत्या पाण्यामागोमाग तंबूही खाली सरकवतात. दिसायला छान, झोपायला वाईट. ज्या जमिनीवरून पाणी नुकतंच हटलंय ती वरून कोरडी, भेगाळलेली, सपाट दिसते. पण दोन-तीन इंचांखाली ओला गाळ असतो. त्यात खुंटी हाताने शिरते आणि हातानेच निघते, म्हणजे रात्रीच्या वाऱ्यालाही निघते. जमिनीतली ओल तंबूच्या तळातून गादीत चढते. आणि कुणी हौसेने गाडी तिथपर्यंत उतरवली तर ती काढायला ट्रॅक्टर शोधावा लागतो. तंबू भरतीच्या रेषेच्या, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या वरच हवा. ही रेषा ओळखणं सोपं आहे: तिच्या वर झुडपं आणि जुनं गवत, तिच्या खाली नुसती माती किंवा कोवळी हिरवळ.

महिन्यांचं गणित त्यामुळे सरळ होतं. जून ते सप्टेंबर तंबूचा विचारच नको. महाबळेश्वर आणि नवजा या जलाशयाच्या पाणलोटातले, राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी आहेत. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत सर्वोत्तम: पाणी वर, गवत ओलसर, हवा धुतलेली. डिसेंबर-जानेवारी थंडीच्या शौकिनांसाठी. फेब्रुवारीतही चालेल, पण पाण्यापर्यंत चालत जायची तयारी हवी. मार्चनंतर दिवस तापतो, डोंगर पिवळा पडतो आणि वणव्याचा धोका सुरू होतो. तेव्हा तितकेच पैसे देऊन जाण्यात राम नाही.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास पठारावरून बामणोली साधारण ३५ किलोमीटर. अंतराला फसू नका, सव्वा ते दीड तास धरा. कासवर फुलं असतात त्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, शनिवार-रविवारी पठारावर गाड्यांची रांग लागते. तेव्हा मेढ्याकडून यावं. इंधन साताऱ्यातच भरा आणि रोख रक्कमही तिथूनच घ्या, कारण मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं आणि त्याच्यासोबत ऑनलाइन पेमेंटही. कासनंतर जलाशयाकडे उतरणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. उजेडात उतरलेलं बरं. गवे संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात आणि हॉर्नला ते मुळीच भीत नाहीत. दिवे मंद करून थांबायचं, ते जातात.

जागेला इतके गुण का, ते नकाशावर समजतं. बामणोली जलाशयाच्या पूर्व काठावर आहे. समोर पश्चिमेला पाणी, पाण्यापलीकडे वासोटा किल्ल्याच्या बाजूचं दाट जंगल, पाठीशी कासचं पठार. म्हणजे मावळतीचा सूर्य थेट पाण्यावर येतो. उलट बाजू अशी की सकाळचं ऊन तुमच्यापर्यंत येण्याआधी त्याला पाठीमागचा पाचशे-साडेपाचशे मीटर उंच डोंगर ओलांडावा लागतो. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या सुमाराला. काठावर ऊन पोचतं त्यानंतर पाऊण-एक तासाने, डोंगराच्या पायथ्याला अगदी चिकटून असाल तर आणखी उशिरा. तोपर्यंत सगळं ओलं राहतं. दोन ठिकाणांतून निवड करायची असेल तर डोंगरापासून जास्त पुढे आलेली, पाण्यात शिरलेल्या सोंडेवरची जागा घ्या. तिथे ऊन लवकर येतं. शिवाय रात्री डोंगरउतारावरून ओघळणारी थंड हवा घळीत साचते, सोंडेवर साचत नाही. घळीतला तंबू आणि सोंडेवरचा तंबू यांतला दोन-तीन अंशांचा फरक पहाटे चार वाजता चांगलाच कळतो.

आता तंबू. इथेच बहुतेक ठिकाणं कमी पडतात, आणि कारण कंजुषी नसून चुकीची खरेदी आहे. सगळीकडे दिसतात ते घुमटाच्या आकाराचे, फायबरच्या दोन काठ्यांचे, एकेरी कापडाचे तंबू. वर टोपीएवढं छोटं आच्छादन असतं, ते फक्त माथ्यावरची जाळी झाकतं. काठावरच्या थंड, दमट रात्री असा तंबू आतून गळतो. पाऊस नसतानाही. आत झोपलेली दोन माणसं रात्रभर श्वासातून वाफ सोडतात, बाहेरचं कापड दवाने गार पडलेलं असतं, आणि ती वाफ आतल्या बाजूला थेंब होऊन बसते. पहाटे कुणी कुशीवर वळलं, कापडाला धक्का लागला की थेंब अंगावर. मग लोक ‘तंबू लीक होता’ अशी तक्रार करतात. तंबू लीक नसतो, बंद असतो.

दुहेरी तंबूत हाच थेंब बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूने घसरून जमिनीवर जातो, कारण आत जाळीचं दुसरं कापड असतं आणि दोहोंमध्ये चार बोटं हवा खेळते. म्हणून फोनवरचा दुसरा प्रश्न: ‘बाहेरचं कापड जमिनीपर्यंत येतं का?’ येत नसेल तर स्वतःचा तंबू न्या. बरीच ठिकाणं फक्त जागा, शौचालय आणि जेवणाचे पैसे घेऊन तुमचा तंबू लावू देतात. या सगळ्या मांडणीत सर्वांत किफायतशीर सौदा हाच. पुण्या-मुंबईत भाड्यानेही दुहेरी तंबू मिळतात. बाहेरच्या कापडाचा पाणीरोधक आकडा, म्हणजे ते किती उंच पाण्याचा दाब झेलतं तो, २००० मिलिमीटर असला तरी नोव्हेंबरच्या अवकाळी सरीला पुरतो. तळाचा मात्र ३००० च्या पुढे असलेला बरा, कारण गुडघा टेकला की दाब तिथे पडतो.

ठिकाणवाल्याच्या एकेरी तंबूतच झोपणार असाल तर दाराची चेन वरच्या बाजूने वीतभर उघडी ठेवा, जाळी बंद. समोर खिडकी असेल तर तिचंही कापड गुंडाळा, म्हणजे हवा आरपार जाईल. थंडी थोडी वाढेल, पण कोरडं पांघरूण ओल्या पांघरुणापेक्षा कितीतरी जास्त ऊब देतं. ओले कपडे, ओला टॉवेल आत वाळत घालू नका. ती सगळी वाफ शेवटी छतावरच जाते. ‘तीन माणसांचा’ तंबू दोघांचा समजा. तिघे झोपले की खांदे कापडाला टेकतात, आणि जिथे टेकतात तिथून ओल झिरपते.

स्वतः तंबू उभारताना इथल्या जमिनीचा विचार करावा लागतो. भरतीरेषेच्या वर मुरूम आणि जांभा आहे. तंबूसोबत मिळणाऱ्या पातळ तारेच्या खुंट्या त्यात दोन इंच जाऊन वाकतात. साताऱ्यातल्या कुठल्याही लोहाराकडून आठ मिलिमीटर सळईच्या, वीतभर लांब, वरून वाकवलेल्या दहा खुंट्या करून घ्या. वजन वाढतं, पण गाडी जवळच लागते. खुंटी तंबूपासून दूर झुकती, साधारण ४५ अंशांत ठोका, डोकं जमिनीला टेकेपर्यंत. जिथे खडकच आहे तिथे खुंटी आडवी दोरीत अडकवून तिच्यावर नारळाएवढे दोन-तीन दगड रचा. खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा बोटभर आत दुमडलेलं हवं. बाहेर डोकावत राहिलं की छतावरून ओघळलेलं दव त्यावर जमतं आणि तळाखाली जातं. संध्याकाळी वारा बहुतेक पाण्याकडून येतो, म्हणून दार पाण्याकडे ठेवायचा मोह आवरा. दार आडव्या बाजूला, आणि पाणी बघायला बाहेर सतरंजी टाका. ताणदोर अंधारात पायात येतात. प्रत्येक दोराला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधली की पडापडी थांबते.

पांघरुणांबद्दल थोडं. ठिकाणवाले देतात त्या गाद्या बऱ्या असतात, पण ब्लँकेटं हंगामाच्या शेवटी-शेवटी कुबट होतात. स्वतःची चादर आणि उशीचा अभ्रा न्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. तेवढ्याला एक जाड ब्लँकेट पुरत नाही. सोबत दहा अंशांपर्यंत आराम देणारी स्लीपिंग बॅग असावी. बॅगेवरचे आकडे वाचताना ‘कम्फर्ट’ म्हणून दिलेलाच धरा. ‘एक्स्ट्रीम’ आकडा म्हणजे त्या तापमानात माणूस जेमतेम तग धरतो, झोपत नाही. दुकानदार मोठ्या अक्षरात नेमका तोच दाखवतात. थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून लागते, म्हणून एकच जादा ब्लँकेट मिळालं तर ते अंगाखाली घ्या.

जेवणात जे स्थानिक आहे ते मागा, जे शहरातून आलेलं आहे ते सोडा. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, गावठी कोंबडीचा रस्सा ही इथली ताकद. घरची बाई चुलीवर करते तिथे तर बोलायलाच नको. गावठी कोंबडी आदल्या दिवशी सांगावी लागते आणि ती शिजायलाही वेळ घेते. बार्बेक्यू हा मात्र सगळ्या पॅकेजमधला सर्वांत कच्चा दुवा, शब्दशः. मसाला लावलेलं चिकन दुपारपासून बाहेर असतं, वीज जात-येत असते, आणि कोळशावर बाहेरून काळं होऊन आत हाडाशी गुलाबी राहतं. तुकडा तोडून हाडाजवळ बघा. लाल पाणी सुटत असेल तर परत ठेवा. बटाटा, कणसं, पनीर यावर भागवलं तरी काही बिघडत नाही. जलाशयातला मासा मिळाला तर नक्की घ्या.

स्वतः रांधणाऱ्यांसाठी: एक लिटर पाणी उकळायला छोट्या गॅस शेगडीत साधारण पंधरा ते वीस ग्रॅम गॅस जातो. दोघांचं रात्रीचं जेवण, चहा आणि सकाळचा नाश्ता यांत पाच लिटरच्या आसपास उकळणं होतं, म्हणजे २३० ग्रॅमचा एक डबा दोघांना पुरून उरतो. थंडीत ब्युटेनचा दाब पडतो आणि पहाटे ज्योत मलूल होते. डबा रात्री पांघरुणात ठेवला की काम होतं. वारा अडवायला शेगडीभोवती पत्र्याचा पूर्ण वेढा घालू नका, डबा तापून फुटू शकतो. वाऱ्याच्या एका बाजूलाच आडोसा करा. आणि तंबूच्या आत शेगडी, कोळशाची घमेली, काहीही पेटवायचं नाही. आगीपेक्षा तिथे कार्बन मोनॉक्साइडची भीती जास्त, कारण त्याला वास नसतो. जलाशयाचं पाणी पिण्याआधी तुरटी फिरवून अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळा आणि खळखळून एक मिनिट उकळा. माणशी दिवसाला चार लिटरचा हिशोब धरा.

शेकोटी सगळे देतात, सोबत लाकडाचा एक भारा. लाकूड कमी पडलं म्हणून जंगलातून उचलू नका. इथली बरीच जमीन वनखात्याची आहे, आणि वाळक्या ओंडक्याखाली फुरसं बसलेलं असण्याची शक्यता खरीच आहे. शेकोटी जमिनीवरच्या गवतात नको, पत्र्याच्या घमेल्यात किंवा उघड्या मातीवर हवी, तंबूपासून किमान पंधरा फूट. हे कापड ठिणगीने पेटण्याआधी वितळतं. विझवताना बादलीभर पाणी, काठीने ढवळणं, पुन्हा पाणी, आणि हात धरून बघणं. वाफ आली म्हणजे विझलं नाही.

आवाजाचं काय? इथे ठिकाणाठिकाणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शनिवारी पन्नास तंबूंच्या जागी स्पीकर लागतो, आणि पाण्यावरून आवाज लांबपर्यंत जातो, त्यामुळे शेजारच्या शांत जागेलाही तो ऐकावा लागतो. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. प्रत्यक्षात ते मालकाच्या मर्जीवर आहे. एकांतासाठी जाणार असाल तर मंगळवार ते गुरुवार जा; त्या दिवसांत दरातही घासाघीस होते. शनिवारीच जायचं असेल तर पंधराहून कमी तंबू असलेली जागा शोधा आणि तीत कुटुंबं किती, ग्रुप किती, हे बेधडक विचारा.

शौचालयांची पाहणी पोचताच करावी. पंधरा माणसांमागे एक ही किमान अपेक्षा. टाकी कधी भरतात तेही विचारून घ्या, नाहीतर सकाळी आठला नळ कोरडा सापडतो.

पोहणं हा या जागेचा सर्वांत धोक्याचा भाग, आणि ठिकाणवाले त्याबद्दल सर्वांत कमी बोलतात. पाणी शांत दिसतं, पण तळ म्हणजे जुना डोंगरउतार आहे. धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली गावं, शेतं, झाडं पाण्याखाली गेली. त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल एखाद्या जुन्या बांधावरून सरळ दोन पुरुष खोलीत पडू शकतं. गाळात पाय रुतला की पोहता येणाराही घाबरतो आणि ओढाताणीत आणखी रुततो. तसं झालं तर पाठीवर आडवं व्हायचं आणि पाय हळूहळू मागे खेचायचा. काठावर बसून पाय बुडवणं एवढ्यावर भागवावं. जायचंच तर जॅकेट घालून, कुणीतरी काठावर दोर घेऊन उभं असताना, आणि दारू प्यायल्यावर कधीच नाही.

बोटीच्या प्रवासाला मात्र पूर्ण गुण. बामणोलीच्या बोट क्लबचे दर बोटीमागे ठरलेले असतात, माणशी नाही. चार जणांना ते जड जातं, दहा जणांना हलकं. सकाळी धक्क्यावर दुसरा छोटा ग्रुप गाठून बोट वाटून घेणं ही इथली रीतच आहे. बसताना जॅकेटच्या सगळ्या कड्या लावून खांद्यांशी धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही, पाण्यात तर ते डोक्यावरून निघेल. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घट्ट बांधून दिलं जातं, ते चालवून घेऊ नका.

बहुतेकांचा बेत तंबूमुक्काम आणि वासोटा असा जोडीचा असतो, आणि तिथेच वेळापत्रक कोलमडतं. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. किल्ल्यावर किंवा पलीकडच्या काठावर मुक्काम करता येत नाही. कुणी ‘जंगलात तंबू लावून देतो’ म्हणालं तर फोन ठेवा. पावसाळ्यात ही वाट बंद असते. बामणोलीहून बोट, मेट इंदवलीला वनखात्याच्या चौकीवर नोंद, मग दाट झाडीतून सुमारे ५०० मीटरचा चढ. हिशोब असा: साडेसातला बोट, नऊच्या आसपास मेट इंदवली, नोंदीला पंधरा मिनिटं, वर पोचायला दोन ते अडीच तास. माथ्यावर सव्वा तास ठेवला तरच बाबुकडा आणि महादेवाचं मंदिर नीट बघून होतं. दुपारी एकला उतरायला लागा, पावणेतीनला बोटीपाशी, सव्वाचारला बामणोली.

या हिशोबात तंबूवाल्यांचा नऊचा नाश्ता बसत नाही. पॅकेजमध्ये पोहे आहेत म्हणून लोक त्यांची वाट बघतात, साडेनऊला धक्क्यावर पोचतात आणि किल्ल्यावर अर्धा तासही न थांबता पळत उतरतात. आदल्या रात्रीच सांगा: पोहे साडेसहाला, नाहीतर डब्यात बांधून. दुपारसाठी चार भाकऱ्या आणि चटणी मागून घ्या. चौकीवर प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात आणि परतताना तितक्याच दाखवाव्या लागतात. म्हणून बिस्किटं, चिक्की वगैरे वेष्टनं काढून स्टीलच्या डब्यात भरली की मोजदाद पटकन उरकते. पाणी माणशी तीन लिटर खालूनच न्या. वरच्या टाक्याच्या भरवशावर राहू नका. ऑक्टोबरमध्ये वाटेवर जळवा असतात, त्यासाठी पँट मोज्यात खोचावी आणि मोज्याला तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळावं. नागेश्वरची गुहा त्याच दिवशी जोडू नका, परतीची बोट तुमच्यासाठी अंधारापर्यंत थांबणार नाही. दुपारनंतर वारा वाढतो आणि परतीत पाणी अंगावर उडतं; मोबाइल पिशवीत बांधा.

साप-विंचवाबद्दल फार घाबरवायचं कारण नाही, पण तीन सवयी हव्यातच. तंबूची चेन दिवसाही बंद ठेवायची. मण्यार रात्री उबेला अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा झोपेत कळतही नाही. बूट आत घ्यायचे आणि घालण्याआधी झटकायचे. रात्री शौचालयाला जाताना टॉर्च पायांपुढे धरायचा, आकाशात नाही. दंश झालाच तर हातपाय हलू न देता, दोर न आवळता, चिरा न देता थेट सातारा सिव्हिल. घाटरस्त्याने तासाहून जास्त लागतो, म्हणून गाडी कुणाची, चावी कुणाकडे आणि दारू न प्यायलेला चालक कोण, हे संध्याकाळीच ठरलेलं हवं. खाण्याचं सामान तंबूत ठेवू नका. उंदीर कापड कुरतडतात आणि कुत्री चेन फाडतात. डबे गाडीत बंद करा.

पैशांबाबत एकच आग्रह. पॅकेजच्या आकड्यात बोट, वासोट्याचा प्रवेश आणि गाडीचं पार्किंग आहे की नाही, हे लेखी संदेशात घ्या. बहुतेकदा नसतं, आणि मग स्वस्त वाटलेला मुक्काम महाग पडतो. आगाऊ रक्कम अवकाळी पावसात परत मिळते की पुढच्या तारखेला वळते, हेही त्याच संदेशात. पाऊस आला तर झोपायला पक्की खोली किंवा पत्र्याची शेड आहे का, याचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर दुसरीकडे फोन करा.

स्वतःचा तंबू नेलात तर सकाळी ऊन येईपर्यंत तो काढूच नका. बाहेरचं कापड उलटं करून झुडपावर नाही, दोरीवर टाका. झुडपाच्या काट्यांनी कोटिंगला भोकं पडतात. वासोट्याला लवकर निघायचं असल्याने तो ओलाच गुंडाळावा लागला, तर घरी पोचल्यावर चोवीस तासांच्या आत गॅलरीत सावलीत पसरा. दोन दिवस पिशवीत राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि असं वारंवार झालं की आतलं कोटिंग चिकट होऊन सुटायला लागतं. मग त्यावर कुठलाही स्प्रे चालत नाही.